दगडाचं माहेर

16 मार्च 1928 रोजी बेंगळुरूमध्ये साउथ इंडियन सायन्स असोसिएशनच्या उद्घाटनाच्या सभेत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी एका नव्या प्रारणाविषयी व्याख्यान दिलं. शोध कोलकात्यात लागला होता, जेमतेम अडीच आठवड्यांपूर्वी, 28 फेब्रुवारीला. पण तो शास्त्रज्ञांपुढे सविस्तर मांडला गेला तो या गावात. पुढे 1933 मध्ये रामन इथल्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले, 1948 मध्ये त्यांनी स्वतःची संशोधन संस्था उभारली आणि 1970 मध्ये अखेरचा श्वासही इथेच घेतला. उत्तरायुष्यात त्यांना खड्यांचं वेड होतं. हिरा, ओपल, अकीक, लॅब्रॅडोराइट, जे हाती येईल त्यातून प्रकाश कसा जातो ते बघायचं. 1950च्या दशकात ए. जयरामन यांच्याबरोबर त्यांनी जेडाइट या खनिजावरही निबंध लिहिला. त्यांनी जमवलेली खनिजं आणि खडे रामन संशोधन संस्थेच्या संग्रहालयात आजही बघायला मिळतात.

जेडाइट हातात घेतलेल्या रामन यांना तो दगड कुठून आला याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्याची रचना आणि प्रकाशाशी असलेलं नातं हा त्यांचा विषय. गंमत अशी की, आज जगातल्या कुठल्याही मोठ्या संग्रहालयात हिरव्या दगडाची पुरातन वस्तू तपासायची झाली, तर बहुतेक वेळा पहिलं पाऊल रामन यांच्याच शोधाचं असतं. वस्तूवर लेसरचा बारीक झोत टाकायचा आणि विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट घ्यायचा. ना ओरखडा, ना भुकटी. काही मिनिटांत खनिजाचं नाव कळतं.

नाव कळतं, गाव कळत नाही. या पुस्तकाचा सगळा विषय या दोन गोष्टींमधल्या अंतरात आहे.

जेड म्हणून ज्याला आपण ओळखतो ते मुळात एक खनिज नाहीच. अलेक्सी दामूर या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने 1863 मध्ये ब्रह्मदेशातल्या हिरव्या दगडाचं पृथक्करण केलं, तेव्हा तो चीनच्या जुन्या जेडपेक्षा अगदी वेगळा निघाला. ब्रह्मदेशाचा तो जेडाइट: सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका. जुना तो नेफ्राइट: कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडं लोह आणि सिलिका. जेडाइटची घनता 3.3च्या आसपास, नेफ्राइटची तीनच्या जरा खाली. म्हणजे पाण्यात तोलून बघितलं तरी फरक सापडतो, त्याला लेसरही लागत नाही. तरीही घोटून चकचकीत केल्यावर भल्याभल्यांची नजर फसते. सर्पेंटाइन, हिरवा क्वार्ट्झ, ग्रॉस्युलर गार्नेट हे सगळे जेडच्या पंगतीत येऊन बसतात. मोहेंजोदडो आणि हडप्पाच्या काही हिरव्या मण्यांची जुन्या अहवालांत जेड म्हणून नोंद झाली. पुढच्या तपासण्यांत तो दगड व्हेसुव्हियनाइट आणि ग्रॉस्युलर यांच्या मिश्रणाचा असल्याचं दिसलं. बिघाड नुसत्या नावात राहत नाही. एकदा जेड म्हटलं की मध्य आशियाचा रस्ता, खोतानच्या नद्या, डोंगर ओलांडणारे तांडे हे सगळं नकाशावर उमटतं. आणि दगड दुसराच निघाला की तो अख्खा नकाशा पुसावा लागतो.

नकाशा किती मोठा काढला जाऊ शकतो, याचं एकोणिसाव्या शतकातलं उदाहरण मला फार आवडतं, कारण त्यात आपलाही संबंध येतो. स्वित्झर्लंडच्या तळ्यांकाठच्या नवाश्मयुगीन वस्त्यांमध्ये जेडच्या कुऱ्हाडी सापडल्या. युरोपात जेडची खाण तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती. फ्रायबुर्गच्या हाइनरिश फिशर यांनी 1875 मध्ये जाडजूड ग्रंथ लिहून हा दगड आशियातून आला असल्याचा पक्ष मांडला. ऋग्वेदाचे संपादक म्हणून आपल्याला परिचित असलेले माक्स म्युलरही या वादात उतरले. आर्यांनी पश्चिमेकडे जाताना भाषेसारखं ओझं वाहून नेलं, मग चार दगडी हत्यारं नेली असतील यात नवल काय, असा त्यांचा सूर होता. ड्रेस्डेनच्या ए. बी. मेयर यांनी विरोध केला: दगड इथलाच असणार, तुम्ही शोधला नाहीत एवढंच. 1884 मध्ये सिलेशियात, आजच्या पोलंडमधल्या योर्दानूफ इथे, हेरमान ट्राउबे यांना नेफ्राइट जागच्या जागी खडकात सापडला आणि आशियाचा डोलारा खचला. आर्यांच्या स्थलांतराचं काय व्हायचं ते होवो. या कुऱ्हाडींवर त्याचा भार टाकता येईना.

इथे रसायनशास्त्र चुकलं नव्हतं. फिशर यांची निरीक्षणं काळजीपूर्वक होती. तुलनेसाठी लागणारे खडक हाताशी नव्हते, हे खरं दुखणं. आणि ते आजही तेच आहे. यंत्र कितीही महाग असो, ते फक्त समोर ठेवलेल्या दोन नमुन्यांची तुलना करतं. दुसरा नमुना आणायला कुणीतरी डोंगर चढावाच लागतो.

ते काम करणारी माणसं प्रयोगशाळेतल्या माणसांइतकी प्रसिद्ध होत नाहीत. पिएर आणि आन-मारी पेत्रकँ हे फ्रेंच दांपत्य त्याला अपवाद. त्यांनी आधी न्यू गिनीत दगडी कुऱ्हाडी घडवणाऱ्या लोकांमध्ये राहून चांगल्या दगडासाठी माणूस कुठवर जातो ते पाहिलं. सोयीच्या नदीपात्रात मिळणारा दगड सोडून माणसं अवघड, उंच, जवळजवळ निषिद्ध मानलेल्या जागी जातात, हे त्यांना तिथे उमगलं. ती खूणगाठ बांधून त्यांनी आल्प्समध्ये वर्षानुवर्षं पायपीट केली आणि 2003 मध्ये इटलीतल्या मोंते व्हीजोच्या उतारावर, दोन हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर, नवाश्मयुगीन जेडच्या खाणी शोधून काढल्या. ब्रिटनपासून ब्रिटनीपर्यंत सापडलेल्या कित्येक कुऱ्हाडींच्या मुळाचा प्रश्न त्यानंतर सुटू लागला. परावर्तित प्रकाशाचा वर्णपट घेण्याचं तंत्र मदतीला होतंच. पण तंत्र तुलना कशाशी करणार, हे पायांनी ठरवलं.

आपल्या शेजारीही असं एक ठिकाण आहे. बल्लारीजवळच्या सांगनकल्लू-कुप्पगल टेकड्यांवर डोलेराइटची भिंत खडकातून वर आलेली दिसते आणि तिच्या पायथ्याशी कुऱ्हाडी घडवताना उडालेल्या कपच्यांचे थर आहेत. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकातच इथल्या हत्यारांची दखल घेतली. फूट हे पेशाने भूवैज्ञानिक, त्यामुळे हत्यार उचललं की ते कोणत्या दगडाचं याची नोंद ते आपोआप करत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सांकलियांकडे शिकलेल्या बी. सुब्बाराव यांनी तिथे उत्खनन करून 1948 मध्ये बल्लारीच्या अश्मयुगीन संस्कृतींवर पुस्तक प्रसिद्ध केलं. खाण, कारखाना, टाकाऊ माल आणि अर्धवट घडलेली कुऱ्हाड एकाच टेकडीवर. अशा वेळी यंत्राला फार काम उरत नाही.

उरतं ते अंतर पडल्यावर. वस्तू खाणीपासून शेकडो कोस दूर, मधला रस्ता पुसलेला. 1964 मध्ये कॅन आणि रेन्फ्रू या दोघांनी भूमध्य समुद्राभोवतीच्या ऑब्सिडियनवर, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या काचेवर, काम करून दाखवलं, की दगडातल्या अत्यल्प मूलद्रव्यांचं प्रमाण मोजून त्याचा ज्वालामुखी ओळखता येतो. बेरियम, झिर्कोनियम अशी दहा लाखांत काही भाग एवढीच असणारी मूलद्रव्यं. दगडाच्या मुख्य घटकांवरून जात कळते, या चिमूटभर ऐवजावरून माहेर. 1977 मध्ये वीगंड, हारबॉटल आणि सेर यांनी या पद्धतीची अट स्पष्ट शब्दांत सांगितली: एका खाणीतल्या नमुन्यांमध्ये आपापसात जेवढा फरक असतो, त्यापेक्षा दोन खाणींमधला फरक मोठा असला पाहिजे. वाचायला साधी अट, पाळायला कठीण.

ऑब्सिडियन ही अट सहज पाळतो, कारण एका उद्रेकातली काच बऱ्यापैकी एकजीव असते. नेफ्राइट पाळत नाही. एकाच शिळेच्या दोन कडांना लोहाचं प्रमाण वेगळं सापडतं. म्हणून आधी ढोबळ वाटणी करतात. काही नेफ्राइट डोलोमाइटच्या संगतीत तयार होतो, काही सर्पेंटिनाइटच्या. दुसऱ्यात निकेल, क्रोमियम आणि कोबाल्ट भरपूर, पहिल्यात नगण्य. खोतानचा पांढराशुभ्र जेड पहिल्या घराण्यातला. एवढ्यानेच निम्मे उमेदवार बाद होतात. उरलेल्यांसाठी आणखी बारकावे लागतात, आणि तिथे कधी कधी नशीबही साथ देतं.

तैवानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फेंगत्येनचं तसं झालं. तिथल्या हिरव्या नेफ्राइटमध्ये क्रोमाइटचे काळे ठिपके असतात, आणि त्या क्रोमाइटमध्ये जस्ताचं प्रमाण असाधारण आहे. इलेक्ट्रॉनचा झोत टाकून एवढ्याशा ठिपक्याचं पृथक्करण करता येतं. हुंग श्याओ-छुन, योशियुकी इइझुका, पीटर बेलवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये या खुणेच्या आधारे फिलिपिन्स, व्हिएतनाम, बोर्निओ आणि थायलंड इथल्या जेडच्या दागिन्यांचं मूळ फेंगत्येनला नेऊन पोचवलं. तीन टोकं असलेली कर्णभूषणं, दोन तोंडांच्या प्राण्याची लोलकं. दक्षिण चीन समुद्राला वळसा घालणारा तीन हजार किलोमीटरचा पसारा. त्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र ठिपक्यांच्या बाहेरची आहे. फिलिपिन्समध्ये, व्हिएतनाममध्ये आणि थायलंडमध्ये कापून उरलेले तुकडेही मिळाले. म्हणजे दागिने तयार होऊन निघाले नव्हते. कच्चा दगड आणि बहुधा कारागीरही समुद्रावरून फिरत होते. हे रसायनाने सांगितलं नसतं. ते उत्खननातल्या केराने सांगितलं. थायलंडच्या खाओ साम केओ या बंदरात हा तैवानी जेड आणि भारतीय पद्धतीने भोक पाडलेले अकीकाचे मणी एकाच वस्तीत घडवले जात होते, हे वाचल्यावर आपल्याकडचा वाचक जरा पुढे सरसावून बसेल असं वाटतं.

अकीकाचं नाव निघालं की महाराष्ट्रातल्या माणसाच्या मनात येतं: गोदावरीच्या वाळूत अकीकाचे गोटे, प्रवरेच्या पात्रात अकीकाचे गोटे, मग नेवाशाचा किंवा इनामगावचा मणी नेमका कुठल्या गोट्याचा, हे का सांगता येऊ नये? अडचण आपल्या कातळाचीच आहे. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला. त्याच्या पोकळ्यांत साचलेला अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. गुजरातपासून मराठवाड्यापर्यंत जनक एकच, आणि ओळख पटवायला लागणारी इतर मूलद्रव्यं अगदी तुटपुंजी. अमेरिकी संशोधक रँडल लॉ यांनी हडप्पाच्या दगडांवर मोठं काम केलं. त्यासाठी न्यूट्रॉनचा मारा करून अत्यल्प मूलद्रव्यं मोजली आणि भारत-पाकिस्तानातल्या खाणींमधून नमुने गोळा केले. गुजरातच्या निरनिराळ्या अकीक-खाणी काही प्रमाणात वेगळ्या काढता येतात, असं त्यातून दिसलं. आपल्या नदीपात्रांचा हिशोब त्या तपशिलाने अजून मांडायचा आहे.

मुघलांच्या जेडविषयीही थोडं सांगायला हवं, कारण भारतात जेड म्हटलं की तोच आठवतो. शाहजहानचा 1657 सालचा पांढऱ्या नेफ्राइटचा प्याला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे: बुडाशी कमळ, मुठीला रानबोकडाचं डोकं. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जहांगीर आणि नूरजहानचे म्हणून दाखवले जाणारे जेडच्या मुठीचे खंजीर आहेत. हा दगड खोतानच्या युरुंगकाश आणि काराकाश नद्यांमधून येई असं सगळे मानतात, आणि मानायला कारणही आहे. बेंतु द गोइश हा पोर्तुगीज जेझुइट मुघल दरबारातून निघून 1603 मध्ये यारकंदला पोचला. चीनकडे जाणाऱ्या तांड्यांचा सर्वांत मोलाचा माल जेडच असल्याचं त्याच्या प्रवासाच्या वृत्तांतात येतं. कागदपत्रं असली की प्रयोगशाळेची गरज उरत नाही, असं काही इतिहासकार बोलून दाखवतात. मला ते पटत नाही. कागद व्यापाराविषयी बोलतो, समोरच्या प्याल्याविषयी नाही.

आता बेंगळुरूकडे परत यावं, कारण मूळ शोधण्याच्या या विद्येतलं भारतातलं एक पायाभूत काम इथे रुजलं, आणि ते दगडावर नसून धातूवर आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतल्या शारदा श्रीनिवासन यांनी दक्षिण भारतीय कांस्यमूर्तींमधल्या शिशाचा अभ्यास केला. शिशाचे चार समस्थानिक असतात. त्यांतले तीन युरेनियम आणि थोरियमच्या ऱ्हासातून वाढत जातात, म्हणून प्रत्येक खनिजसाठ्यात त्यांचं परस्परप्रमाण त्या साठ्याच्या वयानुसार वेगळं पडतं. धातू वितळवला, ओतला, घोटला तरी ते बदलत नाही. चेन्नई आणि लंडनच्या संग्रहालयांतल्या शंभराहून अधिक मूर्तींमधून अगदी बारीक भोक पाडून त्यांनी नमुने घेतले. ज्यांचा काळ शिलालेखांवरून किंवा शैलीवरून पक्का आहे अशा मूर्तींचे गट आधी बांधले आणि मग संशयास्पद मूर्ती त्या गटांशी ताडून पाहिल्या. तोवर चोळांच्या दहाव्या शतकातला मानला गेलेला धातूचा नटराज पल्लव काळापर्यंत मागे न्यावा, असं त्यांचं प्रतिपादन या अभ्यासातूनच पुढे आलं.

इथे लक्षात घ्यावं की शिशाची खाण नेमकी कोणती हे ठरवण्यापेक्षा काळ ठरवण्यात पद्धत जास्त फळली. एका राजवटीत ओतशाळांना धातूचा पुरवठा साधारण एकाच वाटेने होतो, वाट बदलली की प्रमाण बदलतं. खाणीचं नाव न कळताही गट उभे राहतात. जेडवाल्यांनी यातून शिकण्यासारखं आहे: मुघल जेडचे सगळे नमुने एका गटात पडतात की दोन, एवढं जरी कळलं तरी खोतानला न जाता बरंच हाती लागेल.

उलट बाजूचं उदाहरण दायमाबादचं. 1974 मध्ये प्रवरेकाठच्या या गावात एका भिल्ल शेतकऱ्याला चार कांस्यवस्तू मिळाल्या: बैलांचा रथ आणि त्यात उभा सारथी, हत्ती, गेंडा, रेडा. मिळून वजन साठ किलोच्या वर. पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांसह अनेकांनी त्या उत्तर हडप्पाकालीन मानल्या. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या डी. पी. अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी पृथक्करण केलं, तेव्हा धातूत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक आढळलं. ताम्रपाषाणयुगीन वस्तूंमध्ये असा मिश्रधातू दिसत नाही, सबब या वस्तू पुष्कळ नंतरच्या, असा त्यांचा युक्तिवाद. प्रतिपक्षाने दाखवून दिलं की हडप्पा संस्कृतीच्या काही वस्तूंत आर्सेनिक आहेच. आकडा दोघांनाही मान्य. भांडण तुलनेच्या यादीवर. त्या काळी तपासलेल्या वस्तूंची यादी इतकी छोटी होती, की दोन्ही बाजूंना तिच्यातून हवं ते मिळालं. फिशर आणि मेयर यांच्या भांडणाचीच ही गत. मला विचाराल तर हा वाद धातुशास्त्राने मिटेल असं वाटत नाही. त्या वस्तू ज्या मातीतून निघाल्या तिचा थर तेव्हा नोंदवला गेला असता, तर पृथक्करणाची निकड इतकी भासलीच नसती.

पुस्तकातली सोन्यावरची पानं वाचताना बेंगळुरूच्या वाचकाने विशेष सावध राहावं, कारण तिथे अभिमान आडवा येतो. 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्शल यांच्या मोहेंजोदडोच्या ग्रंथात तिथल्या सोन्यात चांदीचं प्रमाण बरंच असल्याचं नमूद होतं आणि त्यावरून हे सोनं कोलारकडचं असावं असा तर्क होता. त्याच ग्रंथात हिरव्या ॲमेझोनाइटचं मूळ निलगिरीत दाखवलं होतं. पुढे ॲमेझोनाइट गुजरातेतही मिळतो हे लक्षात आलं आणि निलगिरीचा दावा दुबळा झाला. कोलारचा मात्र पाठ्यपुस्तकांतून अजून फिरतो. रेमंड ऑल्चिन यांनी 1962 मध्ये दक्षिणेतल्या प्राचीन सोनखाणींवर लिहून त्यांचं जुनेपण ठळक केलं, त्याचाही या समजुतीला आधार मिळाला असणार. पण खाणी जुन्या असणं वेगळं आणि मोहेंजोदडोचं सोनं तिथलं असणं वेगळं. नद्यांच्या वाळूतल्या सोन्यातही चांदी असते, आणि सोनार मोडीचं सोनं पुन्हा पुन्हा वितळवून एकात एक मिसळतो. नुसत्या चांदीच्या टक्केवारीवर कोलारचा हक्क सांगता येत नाही. प्लॅटिनम गटातल्या मूलद्रव्यांचे सूक्ष्म कण, तांबं, टेल्युरियम, पारा अशा बऱ्याच गोष्टी एकत्र तपासाव्या लागतील, आणि कोलारच्या जोडीने हट्टीचं, वायनाडचं आणि सिंधूच्या वरच्या खोऱ्यातलं सोनंही मांडीला मांडी लावून ठेवावं लागेल.

कोलारच्या बाजूने ते काम आता सोपं राहिलेलं नाही. तीन किलोमीटरहून खोल गेलेली ही खाण 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद झाली आणि बोगद्यांत पाणी भरलं. प्राचीन खाणकामाच्या वरच्या थरातल्या खुणा तर 1880 नंतरच्या ब्रिटिश कंपन्यांनी त्यांच्यावरच आपल्या खाणी उतरवल्या तेव्हाच बऱ्याचशा गेल्या. ज्याला तुलना करायची असेल त्याने संग्रहालयांतले आणि महाविद्यालयांतले जुने क्वार्ट्झचे नमुने धुंडाळावेत, आणि त्यांवरच्या चिठ्ठ्यांत खोली आणि शिरेचं नाव लिहिलेलं आहे का ते आधी पाहावं. चिठ्ठी नसलेला नमुना या कामी निरुपयोगी.